दामाजीचे कोठार आणि एक रत्तल धान्य

१

मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा ठाऊक नसलेला मराठी वाचक विरळाच. दुष्काळात माणसे अन्नावाचून तडफडू लागली तेव्हा बेदरच्या बादशहाच्या ह्या कारभाऱ्याने सरकारी कोठारे खुली केली. बादशहाने त्यास पकडून आणण्याचा हुकूम सोडला. पंत बेदरच्या वाटेवर असतानाच पांडुरंगाने विठू महाराचा वेष घेतला, दरबारात जाऊन धान्याची किंमत मोजून दिली आणि रीतसर पावती घेऊन ती दामाजीच्या पोथीत ठेवली. महिपतीच्या 'भक्तिविजया'ने ही कथा घरोघर पोचवली आणि कीर्तनकारांनी ती पिढ्यान्‌पिढ्या जिवंत ठेवली.

काही वर्षांपूर्वी आम्ही हा भाग वर्गात शिकवीत होतो. भक्तीची महती, संतचरित्रातील चमत्काराचे स्थान, विठूच्या महार रूपाचा अर्थ अशी नेहमीची मांडणी चालू होती. मागच्या बाकावरून एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, विठू आला नसता तर?" वर्गात हशा पिकला. आम्हीही हसून वेळ मारून नेली. ती मुलगी सोलापूरकडच्या दुष्काळी भागातली होती हे आमच्या नंतर ध्यानात आले, आणि प्रश्न मनातून जाईना. दामाजीचे काय झाले असते ह्याचे उत्तर सोपे आहे. त्याचा शिरच्छेद झाला असता. प्रश्न त्याच्या पुढचा आहे. रयतेस जगवल्याबद्दल ज्या कारभाऱ्याकडे हिशेब मागितला जातो आणि ज्याचा हिशेब चुकता करायला कोणी विठू येत नाही, तो पुढच्या दुष्काळात कसा वागतो?

ह्या प्रश्नाचे उत्तर कल्पनेने देण्याचे कारण नाही. ते इतिहासात नोंदलेले आहे, आणि योगायोग असा की ते मंगळवेढ्याच्या आसपासच्या मुलखातच घडले. १८७६–७८ च्या महादुष्काळात सरकारने उपाशी माणसांचा शिधा कापला. कापणाऱ्या अधिकाऱ्याने तीनच वर्षांपूर्वी दुसऱ्या एका प्रांतात कोठारे खुली केली होती. त्याचे नाव सर रिचर्ड टेंपल.

२

कथेचे मूळ ओरिसात आहे. १८६६ साली तेथे दुष्काळ पडला. बाजार आपले आपण पाहून घेईल, सरकारने धान्यव्यापारात हात घालू नये, ह्या तत्त्वाला बंगालचे सरकार चिकटून राहिले. धान्य आणायचे ठरले तोवर पावसाळा लागून वाटा बंद झाल्या होत्या. सुमारे दहा लाख माणसे मेली. पुढे चौकशी झाली, ठपके ठेवले गेले, आणि असे पुन्हा होऊ द्यायचे नाही असा निश्चय निदान कागदावर तरी उतरला.

१८७३–७४ मध्ये बिहारात पीक बुडाले तेव्हा तो निश्चय कसाला लागला. व्हाइसरॉय लॉर्ड नॉर्थब्रुक ह्यांनी खर्चाची पर्वा न करता माणसे वाचवायची असे ठरवले आणि अंमलबजावणी टेंपल ह्यांच्याकडे आली. ब्रह्मदेशातून साडेचार लाख टनांहून अधिक तांदूळ आणला गेला. गावोगाव साठे उभारले, कामे काढली, ज्यांच्याने काम होत नव्हते त्यांना फुकट धान्य दिले. उपासमारीने फारसे कोणी मेले नाही. एकोणिसाव्या शतकातल्या हिंदुस्थानात एवढ्या मोठ्या दुष्काळातून माणसे इतकी सहीसलामत सुटल्याचे दुसरे उदाहरण शोधून सापडणे कठीण.

ह्याचे बक्षीस काय मिळाले? खर्च सुमारे साडेसहा कोटी रुपये झाला होता आणि आणलेल्या तांदळापैकी बराच उरला होता. झाले! लंडन-कलकत्त्यात टीकेची झोड उठली. टेंपलने तिजोरी उधळली, लोकांना ऐतखाऊ केले, व्यापाऱ्यांच्या पोटावर पाय आणला, असे आक्षेप आले. माणसे मेली नाहीत ह्यावरूनच दुष्काळ खरा नव्हता असाही निष्कर्ष काढण्यात आला. हा तर्क वाचकांनी जरा थांबून पाहावा. मदत फसली तर ती व्यर्थ ठरते आणि यशस्वी झाली तर अनावश्यक ठरते. कापणाऱ्याला दोन्ही बाजूंनी युक्तिवाद हाताशी असतो. पुढल्या दीडशे वर्षांत हा तर्क आपल्याला वेगवेगळ्या वेषांत भेटतो.

टेंपल ह्यांची ह्या टीकेने किती होरपळ झाली हे सांगायला त्यांचे मन उघडून पाहण्याची गरज नाही. त्यांची पुढची कृती पुरेशी बोलकी आहे.

३

१८७६ चा पावसाळा दख्खनला दगा देऊन गेला. पुणे, नगर, सातारा, सोलापूर, कलादगी (आजचे विजापूर-बागलकोट), बेळगाव, धारवाड आणि दक्षिणेस मद्रास इलाखा व म्हैसूर एवढा प्रचंड टापू दुष्काळाच्या तोंडी आला. मुंबई सरकारने दुष्काळी कामे काढली. रस्ते, तलाव, खडी फोडणे. आरंभी मजुरी जेमतेम पोट भरण्याइतकी होती, आणि कामावरच्यांचा आकडा भराभर वाढू लागला.

त्या वेळी व्हाइसरॉय होते लॉर्ड लिटन. साहित्याच्या विद्यार्थ्यांना सांगण्यासारखी गोष्ट म्हणजे हे गृहस्थ कवी होते. 'ओवेन मेरेडिथ' ह्या टोपणनावाने त्यांच्या कविता इंग्लंडात आवडीने वाचल्या जात. कादंबरीकार बुल्वर-लिटन हे त्यांचे वडील. १ जानेवारी १८७७ रोजी दिल्लीत व्हिक्टोरिया राणीस हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर करणारा मोठा दरबार त्यांनी भरवला. त्याच दरबारात पुण्याच्या सार्वजनिक सभेतर्फे गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, हातच्या सुताची खादी नेसून हजर होते. दरबारासाठी जमलेल्या अधिकाऱ्यांत दुष्काळाच्या खर्चाचीही चर्चा झाली, आणि टेंपल ह्यांना खास दुष्काळ-प्रतिनिधी नेमून मुंबई व मद्रास इलाख्यांत पाठवण्याचे ठरले. माणसे जगवावीतच, पण पैसा जपून, असा त्यांना मिळालेल्या सूचनांचा सारांश होता.

टेंपल ह्यांनी पैसा जपला. धडधाकट पुरुषाला दिवसभराच्या कामाबद्दल एक रत्तल धान्याची किंमत आणि वर अर्धा आणा, बायका-मुलांना त्याहून कमी, असे प्रमाण त्यांनी सुचवले. रत्तल म्हणजे आजचे साडेचारशे ग्रॅम. वरच्या अर्ध्या आण्यात मीठ, तेल, डाळ, सरपण सारे भागवायचे. ही मजुरी पुढे त्यांच्याच नावाने ओळखली जाऊ लागली. माईक डेव्हिस ह्यांनी 'लेट व्हिक्टोरियन होलोकॉस्ट्स' (२००१) ह्या ग्रंथात ह्या आहाराचे उष्मांक सोळाशेच्या आसपास मोजले आहेत. हा आकडा खुर्चीत बसणाऱ्यालाही अपुरा आहे. आणि येथे तर दिवसभर दगड फोडायचे होते.

कपात केवळ धान्यात झाली नाही. तिला जोड होती 'कसोटी'ची. खरा गरजू कोण हे ओळखायचे कसे, तर मदत मिळवणे इतके कष्टाचे करायचे की ज्याचा दुसरा इलाज खुंटला आहे तोच येईल. म्हणून गावाजवळची लहान कामे बंद करून दूरच्या मोठ्या कामांवर माणसांना पाठवावे, तेथेच मुक्काम करावा, ठरलेले काम झाले तरच पुरी मजुरी द्यावी, असे धोरण आखले गेले. अशक्त झालेल्याचे काम कमी भरणार, म्हणून त्याची मजुरी कमी; मजुरी कमी म्हणून तो अधिक अशक्त. हे चक्र कागदावर शिस्तीसारखे दिसते. प्रत्यक्षात त्याचा शेवट ठरलेला होता.

टेंपल ह्यांच्यावर अन्याय होऊ नये म्हणून दोन गोष्टी सांगितल्या पाहिजेत. एक, सरकारी खजिना खरोखर ओढग्रस्त होता. बिहारचा खर्च अंगावर होता आणि चांदीचा भाव घसरत होता. दोन, ह्या दुष्काळात मेलेला प्रत्येक माणूस मजुरी कापल्यामुळे मेला असे कोणी म्हणू शकत नाही. अनावृष्टी, कडाडलेले भाव, पटकी आणि १८७८ मध्ये पाऊस परतल्यावर आलेली तापाची साथ अशी अनेक कारणे एकमेकांत गुंतली होती. पण साथी कोणाला गाठतात? उपाशी शरीराला. आहार आणि आरोग्य ही दोन खाती सरकारी दप्तरात वेगळी असतात. माणसाच्या देहात ती एकच असतात.

हे त्या काळी कोणी सांगितलेच नाही असेही नाही. मद्रास इलाख्याचे आरोग्य आयुक्त डॉ. कॉर्निश ह्यांनी रत्तलभर धान्यावर माणूस काम करून जगू शकत नाही, तुरुंगातल्या कष्टकरी कैद्यालाही ह्याहून अधिक मिळते, असे आकडेवारीनिशी दाखवून दिले. आयुक्तांनी वजने, मृत्यूंचे आकडे, तुरुंगातील अनुभव पुढे ठेवला. टेंपल ह्यांनी आपल्या पाहणीवर आणि तत्त्वावर भर दिला. अखेर १८७७ च्या मे महिन्यात मद्रास सरकारने मजुरी वाढवली. मधल्या महिन्यांत जे गेले ते परत येण्याचा प्रश्नच नव्हता. 'मद्रास टाइम्स'चे संपादक विल्यम डिग्बी ह्यांनी १८७८ मध्ये दोन खंडांत ह्या दुष्काळाचा जो वृत्तांत प्रसिद्ध केला, त्यात हा सारा वाद विस्ताराने आला आहे. आणि टेंपल? ते एप्रिल १८७७ च्या अखेरीस मुंबईचे गव्हर्नर झाले.

४

आता ह्या कपातीने गावांचे काय झाले, ह्याकडे वळू. मृत्यूंचे आकडे बहुतेक ग्रंथांत सापडतात. ब्रिटिश मुलखातील बळी पन्नास लाखांच्या वर होते ह्याविषयी अभ्यासकांत फारसा मतभेद नाही, आणि संस्थाने धरून आकडा ऐंशी लाखांवर नेणारेही आहेत. शिरगणतीतला फरक पाहू. सोलापूर जिल्ह्याची लोकसंख्या १८७२ मध्ये सुमारे ७ लाख १९ हजार होती; १८८१ मध्ये ती ५ लाख ८२ हजारांवर आली. कलादगीत ८ लाख १६ हजारांची ६ लाख ३८ हजार झाली. ह्यात मेलेले आले आणि परागंदा झालेलेही आले. नऊ वर्षांत दर पाच माणसांमागे सुमारे एक माणूस नाहीसे होणे म्हणजे काय, हे ज्याने त्याने आपल्या गल्लीतली घरे मोजून पाहावे.

पण समाजावर झालेला परिणाम केवळ वजाबाकीने कळत नाही. गाव ही देण्याघेण्याची एक रचना होती. कुणबी पिकवी, आणि सुतार, लोहार, कुंभार, महार, मांग, न्हावी, परीट ह्या बलुत्यांना सुगीच्या वेळी वाटा मिळे. कुणब्याकडे पीक नाही म्हटल्यावर बलुते बंद. सर्वांत आधी उपाशी पडतो तो हा बलुतेदार आणि शेतमजूर, कारण त्याच्याकडे विकायला बैल नाहीत आणि गहाण टाकायला जमीन नाही. कोष्ट्यांचे तर दुहेरी मरण: दुष्काळात कापड कोण घेतो? अशा वेळी गावाजवळचे काम हे रचना टिकवून धरण्याचे साधन होते. दिवसा खडी फोडून माणूस रात्री घरी येई. म्हातारी आई, दुभती गाय, दाराचे कुलूप, शेताचा बांध ह्यांवर नजर राही. काम दूर नेले की निवड करावी लागे: घर राखायचे की पोट.

दख्खनच्या माणसांनी १८७७ च्या आरंभी ह्या निवडीला जे उत्तर दिले ते आपल्या इतिहासात जेवढे ठाऊक असावे तेवढे नाही. हजारोंनी काम सोडले. उपाशी माणसांनी अन्न देणाऱ्या कामावर बहिष्कार टाकला! सरकारला हे अनाकलनीय वाटले. ज्याअर्थी लोक काम नाकारतात त्याअर्थी त्यांना गरज नाही, असा सोयीचा अर्थ लावण्यात आला. सार्वजनिक सभेने मात्र त्याचा अर्थ नीट वाचला. ह्या मजुरीवर दूर जाऊन राबणे आणि घरी उपाशी राहणे ह्यांत लोकांना फरक उरलेला दिसत नाही, आणि मरायचेच तर आपल्या माणसांत, हा तो अर्थ.

मागे राहिलेल्यांना सावकार होता. दोनच वर्षांपूर्वी, १८७५ मध्ये, पुणे व नगर जिल्ह्यांतील शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चालून जाऊन कर्जरोखे जाळले होते. दुष्काळाने नवे रोखे लिहून घेतले. सरकार जेवढा हात आखडते तेवढा सावकाराचा हात लांब होतो, हे त्या काळच्या कागदपत्रांतून पुनःपुन्हा दिसते. शेतसाऱ्याची मागणी चालूच होती. फार तर ती पुढे ढकलली जाई. एका हाताने रत्तल मोजणारे सरकार दुसऱ्या हाताने सारा मोजून घेत होते.

शिजवलेले अन्न देण्याची सोय होती तेथे जातीचा अडसर आला. कोणाच्या हातचे खायचे ह्या भीतीने काही वरच्या जातींचे लोक अन्नछत्रापासून दूर राहिले. आणि ज्यांच्या हातचे कोणी खात नसे त्यांना रांगेत शेवटी उभे राहावे लागे हे वेगळे सांगायला नको. विठूने दरबारात जाताना महाराचे रूप का घेतले असावे, ह्याचा विचार आम्ही वर्गात निव्वळ प्रतीक म्हणून करीत होतो. सरकारी कोठाराची पावती आणणारा माणूस गावकुसाबाहेरचा असावा ह्यात लोककथेचे फार मोठे शहाणपण आहे, हे आम्हांस ह्या दुष्काळाचे वृत्तांत वाचताना उमगले. हिशेब चुकवण्याचे काम नेहमी त्याच्याच वाट्याला आले आहे.

५

साहित्याच्या अभ्यासकांसाठी ह्या प्रसंगाचे दुसरेही महत्त्व आहे. मराठी गद्याच्या एका नव्या प्रकाराला येथे बळ मिळाले. महादेव गोविंद रानडे आणि सार्वजनिक काका ह्यांच्या नेतृत्वाखाली सभेने जिल्ह्याजिल्ह्यांतून माहिती गोळा करून सरकारला पत्रांमागून पत्रे लिहिली. कोठे पाऊस किती, भाव काय, काम किती दूर, माणसे किती, मजुरी कशात पुरते. १८७८ पासून निघालेल्या सभेच्या त्रैमासिकामागे हीच सवय आहे. ही पत्रे इंग्रजीत असली तरी त्यांची सामग्री मराठी खेड्यांतून आली होती, आणि पुढे शेतीविषयक मराठी लेखनाला तिने आकड्यांची भाषा दिली. गाऱ्हाणे आणि पुरावा ह्यांची गाठ येथे पडली.

त्याच सुमारास, २० एप्रिल १८७७ रोजी, जुन्नरकडच्या ओतूरहून सावित्रीबाई फुले ह्यांनी जोतीरावांना लिहिलेले पत्र आज उपलब्ध आहे. दुष्काळाने मुलूख कसा ओसाड होत चालला आहे आणि सत्यशोधक समाजाची माणसे मदतकार्यात कशी गुंतली आहेत, हे त्या तेथून कळवतात. सभेची पत्रे सरकारला उद्देशून आहेत. हे पत्र सहकाऱ्याला उद्देशून आहे. एकीकडे काय द्यायला हवे ह्याचा युक्तिवाद आहे, दुसरीकडे काय चालले आहे आणि उद्या काय करायचे ह्याची विचारणा. ही दोन प्रकारची गद्ये शेजारी ठेवून शिकवली पाहिजेत असे आम्हांस वाटते. त्याच वर्षी पुण्याजवळ धनकवडी येथे दुष्काळग्रस्त मुलांसाठी आश्रम चालवण्यात आला आणि मे महिन्यात जोतीरावांनी मदतीचे आवाहन करणारे पत्रक काढले. आश्रमाचे नाव होते 'व्हिक्टोरिया बालाश्रम'. दिल्लीत जिच्या नावाने दरबार भरला तिच्याच नावाने धनकवडीत भाकरी वाटली गेली. ह्यात राजनिष्ठा किती आणि तिला तिच्या कर्तव्याची आठवण देणे किती, हे ठरवणे सोपे नाही. चारच वर्षांनी फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहायला घेतला, तेव्हा मात्र आवाज पुरता बदललेला आहे.

दुसरा एक आवाजही ह्याच मुलखातून उठला. वासुदेव बळवंत फडके दुष्काळी भागांतून हिंडले, त्यांनी माणसांचे हाल पाहिले आणि १८७९ मध्ये बंड उभारले. गव्हर्नरच्या शिरासाठी त्यांनी बक्षीस जाहीर केले. तो गव्हर्नर टेंपल होता. आणि फडके पकडले गेले ते कलादगी जिल्ह्यात, जेथे दुष्काळाने सर्वाधिक माणसे नेली होती.

लिटन ह्यांनी ह्या आवाजांना दिलेले उत्तर सर्वश्रुत आहे. १८७८ मध्ये त्यांनी देशी भाषांतील वृत्तपत्रांची मुस्कटदाबी करणारा कायदा आणला. कवी-व्हाइसरॉयने आधी शिधा कापला आणि मग शब्द कापले. त्याच वर्षी दुष्काळ-विम्यासाठी म्हणून नवे कर बसवून दरसाल दीड कोटी रुपये बाजूस ठेवण्याची घोषणा झाली. पण अफगाण युद्धाच्या खर्चापुढे ही राखीव रक्कम टिकली नाही.

तरी सारेच व्यर्थ गेले नाही. रिचर्ड स्ट्रेची ह्यांच्या अध्यक्षतेखालील दुष्काळ आयोगाने १८८० मध्ये अहवाल दिला, त्यातून दुष्काळ संहिता तयार झाल्या, आणि कामकऱ्याचा जो आहार पुढे ठरला तो रत्तलाहून अधिक होता. संहितेत कसोटीची भाषा राहिलीच, पण मदत देणे ही सरकारची जबाबदारी असल्याचे शब्द छापून आले. त्या शब्दांचा आधार घेऊनच १८९६–९७ च्या दुष्काळात टिळकांनी आणि सार्वजनिक सभेने गावोगाव लोकांना त्यांचे हक्क समजावून सांगितले. सरकारने १८९७ मध्ये सभेची मान्यताच काढून घेतली, हा त्या शब्दांच्या ताकदीचा उलटा पुरावा. हरि नारायण आपट्यांची 'काळ तर मोठा कठीण आला' ही दीर्घकथा ह्याच नव्वदीच्या दशकातल्या दुष्काळाची आहे. १८७७ च्या रत्तलावर मात्र तशी कथा मराठीत लिहिली गेल्याचे आमच्या वाचनात नाही. दामाजीची कथा आहे, टेंपलची नाही. उघडलेले कोठार लक्षात राहते. कापलेला शिधा विसरला जातो, कारण कपात हळूहळू, सर्वांना सारखीच आणि नियमानुसार होते. तिला नाट्य नसते.

६

आणि म्हणूनच ती परत येते. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्राने टेंपलच्या उलट वाट धरली. १९७३ च्या उन्हाळ्यात पन्नास लाखांच्या घरात माणसे दुष्काळी कामांवर होती. खडी तीच, पण काम शक्यतो गावाजवळ आणि मागेल त्याला. अमेरिकेहून आलेला तांबडा मिलो आणि कामावर वाटलेली सुकडी ह्यांची चव त्या पिढीच्या जिभेवर अजून आहे. तिला नावे ठेवीत का होईना, ती पिढी जगली. ह्यातून उभ्या राहिलेल्या रोजगार हमी योजनेचा कायदा विधिमंडळात संमत झाला तो १९७७ साली. टेंपलच्या रत्तलानंतर बरोबर शंभर वर्षांनी.

त्यानंतर वीस वर्षांनी, जून १९९७ मध्ये, केंद्र सरकारने सर्वांसाठी असलेली स्वस्त धान्याची व्यवस्था 'लक्ष्यित' केली. दारिद्र्यरेषेखालचे आणि वरचे अशी कुटुंबांची वाटणी झाली. खालच्यांना आरंभी दरमहा कुटुंबामागे दहा किलो, वरच्यांच्या धान्याचे भाव हळूहळू बाजाराच्या जवळ. महाराष्ट्रात १९९९ पासून पिवळी, केशरी आणि पांढरी अशी तिरंगी शिधापत्रिका आली. पिवळीसाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा पंधरा हजार रुपये. सुमारे पाच लाख वस्तीच्या धारावीत दारिद्र्यरेषेखालील शिधापत्रिका केवळ १५१ कुटुंबांना मिळाल्याचे अर्थशास्त्रज्ञ मधुरा स्वामिनाथन ह्यांनी नोंदवले आहे. त्यानंतरच्या पाच वर्षांत सरकारी गोदामांत सहा कोटी टनांच्या आसपास धान्य साठले. कोठारे भरलेली आणि पत्रिका केशरी! ह्याच दशकात सरकारी रुग्णालयांतही केसपेपरपासून तपासण्यांपर्यंत शुल्क आकारण्याची पद्धत रूढ झाली. गरिबांना सूट होतीच, पण त्यासाठी गरीब असल्याचा दाखला लागे. आजारी माणसाने आधी तहसील कचेरीत जायचे आणि मग दवाखान्यात.

येथे कोणी म्हणेल की रत्तलाची आणि केशरी पत्रिकेची तुलना अतिशयोक्त आहे. आकड्यांपुरते ते खरे आहे. १९९७ नंतर लाखो माणसे मेली नाहीत, आणि दहा किलो हा पूर्ण आहार म्हणून नव्हे तर पूरक म्हणून दिला होता. पण साम्य आकड्यांत शोधायचे नसून रीतीत शोधायचे आहे. दोन्हीकडे खर्चाच्या चिंतेचे रूपांतर माणसाविषयीच्या संशयात झाले. दोन्हीकडे अपात्र माणसाला एक दाणाही जाऊ नये ह्याची काळजी मोठी आणि पात्र माणूस सुटू नये ह्याची काळजी लहान. दोन्हीकडे सिद्ध करण्याचे ओझे ज्याच्या अंगात सर्वांत कमी बळ त्याच्या पाठीवर. आणि दोन्हीकडे गावाचे दोन तुकडे झाले. पिवळी पत्रिका कोणाला मिळाली आणि कोणाला नाही ह्यावरून भावकीत, आळीत, एकाच चाळीच्या दोन बिऱ्हाडांत जी अढी बसली ती कोणत्याही अहवालात मोजलेली नाही.

इतिहास तेथेही थांबला नाही. २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे अन्नाच्या हक्काचा दावा आला आणि त्यातून शाळेतील शिजवलेल्या जेवणासारखे आदेश निघाले; २०१३ मध्ये अन्नसुरक्षा कायदा झाला. २०१५ मध्ये महाराष्ट्राने चौदा दुष्काळी, आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांतील केशरी पत्रिकाधारक शेतकऱ्यांना स्वस्त धान्य सुरू केले आणि २०२३ मध्ये त्या धान्याऐवजी माणशी दरमहा दीडशे रुपये रोख देण्याचे ठरवले. त्याच वर्षी १५ ऑगस्टपासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील उपचार निःशुल्क झाले. म्हणजे दोर कधी ओढला जातो, कधी सैल सोडला जातो. कपात हा निसर्गनियम नव्हे, तो निर्णय असतो, आणि निर्णय फिरवता येतो, हे मद्रासच्या मे महिन्याने १८७७ मध्येच दाखवून दिले होते. तो फिरवण्यासाठी कोणीतरी वजने आणि आकडे घेऊन हटून बसावे लागते एवढेच.

७

त्या विद्यार्थिनीला आम्ही उत्तर दिले ते दोन वर्षांनी, ती पदवी घेऊन जाताना. विठू आला नसता तर दामाजी मेला असता आणि त्याच्या जागी टेंपल आला असता, असे आम्ही म्हटले. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "सर, पण माझी आजी म्हणते, विठू आला तो दामाजीसाठी आलाच नव्हता. ज्यांनी धान्य नेले त्यांच्यावर चोरीचा आळ येऊ नये म्हणून आला."

हा अर्थ आम्हांस कोणत्याही टीकाग्रंथात आढळला नव्हता. पावती कारभाऱ्याच्या जिवासाठी नव्हे, खाणाऱ्याच्या अब्रूसाठी. एक रत्तल धान्य, दूरचे काम, उत्पन्नाचा दाखला, पत्रिकेचा रंग ह्या सगळ्यांत पोटाइतकीच कापली जाते ती ही अब्रू. सोलापूरकडची एक न शिकलेली म्हातारी हे जाणून होती. आम्ही 'भक्तिविजय' वीस वर्षे शिकवीत होतो.